खडूने लिहिलेला आकडा

काकांच्या तोंडी दिवसातून निदान वीस वेळा येणारा शब्द म्हणजे "कशाला?" कुणी काही नवीन सुचवलं रे सुचवलं की ते चष्मा कपाळावर चढवायचे, समोरच्याकडे फार मायेने बघायचे आणि विचारायचे, "कशाला?" पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस आळशी आहे. दुसऱ्या महिन्यात वाटलं, खवचट आहे. तिसऱ्या महिन्यात मी सुट्टीला घरी गेले आणि आई भाकरी वाढायला आली तेव्हा माझ्याही तोंडून "कशाला?" निघून गेलं. आईने भाकरी परत टोपलीत ठेवली ती ठेवलीच.

मुरुडला बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर काकांचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन टेबलं, आणि खाली गिरणी चालू झाली की चहाच्या कपात उठणाऱ्या लाटा. माणसं दोनच, काका आणि मी. काकांनी मुंबईत तीस वर्षं कॉम्प्युटरची नोकरी केली आणि मग वडिलांची नारळ-सुपारीची वाडी सांभाळायला म्हणून परत आले. वाडी गड्याने सांभाळली, काकांनी हे ऑफिस काढलं. मी म्हसळ्याच्या अलीकडच्या गावातली, भातशेतीवाल्यांची. नवी मुंबईत चार वर्षं मोठ्या कंपनीत होते आणि तिथल्या बऱ्याच गोष्टी मला येतात असा माझा समज होता. काकांनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि बाजूला ठेवून दिलं. शेवटपर्यंत हाक मारली ती "म्हसळा" अशीच. "अहो म्हसळा, जरा इकडे या." रागावले की अहो-जाहो, खूश असले की अरे-तुरे, हे मला उशिरा कळलं.

आमचं मोठं काम एकच होतं, मच्छीमार सोसायटीचं अ‍ॅप. बोट बंदराला लागायच्या आधी तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, त्यावर बर्फाची पाळी लावायची. पाळी चुकली की मासळी उन्हात बसते, आणि मग ती कुणी घेत नाही. हवा बिघडणार असेल तर त्याच अ‍ॅपवरून बोटीला इशाराही जायचा. दिसायला साधं, वीस-पंचवीस ओळींची यादी आणि दोन बटणं. पण बंदरावरच्या साठ बोटी त्यावर चालायच्या.

आता यात फ्रेमवर्क म्हणून एक भानगड असते. ती मला काकांनी जशी सांगितली तशीच सांगते. "आपलं अ‍ॅप म्हणजे पडवी. पडवी ज्या घराला टेकलीय ते घर म्हणजे फ्रेमवर्क. घर आपलं नाही, लांबच्या कुणीतरी बांधलंय. ते लोक दर वर्षी घराची उंची वाढवतात, कारण त्यांना पगार त्याचाच मिळतो. घर उंच झालं की आपण पडवीचे वासे काढून पुन्हा बसवायचे. आणि उंच घराला पायऱ्याही उंच, त्यामुळे जुन्या फोनला त्या चढवत नाहीत. तो खालीच राहतो. म्हणून आपण वासे कधी हलवायचे, हा सगळा प्रश्न आहे." आमच्या अ‍ॅपला कमीत कमी कितवी आवृत्ती लागते तो आकडा काका ऑफिसच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवायचे. त्या आकड्याला हात लावायचा अधिकार फक्त त्यांचा. झाडूवाली बाईसुद्धा दार पुसताना तेवढी जागा सोडून पुसायची.

खिडकीखालच्या फळीवर काकांनी सतरा-अठरा जुने फोन मांडून ठेवले होते. त्यांना ते "पेन्शनर मंडळी" म्हणायचे. एकाची काच फुटलेली, एकाला रबरबँड, एकाचं बटण दाबायला पेनाचं टोपण लागायचं. सकाळी आल्या आल्या काका एकेकाला चार्जिंगला लावायचे, प्रत्येकावर आमचं अ‍ॅप उघडून बघायचे आणि "काय, आज बरं आहे ना?" असं विचारायचे. फोनला. मला सकाळी कधी कुणी विचारलं नाही.

आणि ऑफिसचा एक कायदा होता. आकडा वाढवू या असं जो म्हणेल, त्याने पंधरा दिवस पेन्शनरांपैकी सगळ्यात म्हातारा फोन स्वतःचा म्हणून वापरायचा. मी आल्यावर दीड महिन्यात म्हटलं. काकांनी रबरबँडवाला फोन माझ्यापुढे ठेवला आणि माझा नवा कोरा फोन टेबलाच्या खणात ठेवून चावी खिशात टाकली. ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. एसटीत बसून नकाशा उघडायला लावला तर तो रेवदंडा दाखवायचा तोवर मी अलिबागला पोचलेली असायचे. सोळाव्या दिवशी काकांनी विचारलं, "काय म्हसळा, काय कळलं?" मी म्हटलं, "जुना फोन वापरणाऱ्या माणसाला संताचा दर्जा द्यायला हवा." काका म्हणाले, "दर्जा नको. त्याला फक्त पाळी लावू दे."

एवढ्यावरून काका नव्याच्या विरुद्ध होते असं कुणी समजेल. अजिबात नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते सगळ्यात ताजी आवृत्ती ठेवायचे, आली त्या दिवशी. त्यांचे प्रश्न दोनच असायचे. आत्ता कुणाचं अडलंय? आणि वाढवली तर कुणाचं अडेल? एकदा बातमी आली की जुन्या फ्रेमवर्कला एक भोक आहे, त्यातून कुणीही आत शिरून दुसऱ्याची माहिती वाचू शकतो. त्या दिवशी काकांनी चहा अर्धा टाकला, संध्याकाळच्या आत आकडा पुसून नवा लिहिला, आणि मला विचारलंसुद्धा नाही. पुढचे आठ दिवस ते स्कूटरवरून राजपुरीपासून दिघीपर्यंत हिंडत होते, ज्यांचे फोन त्यामुळे बंद पडले त्यांच्या घरी. फळीवरचे जरा बरे पेन्शनर पिशवीत घालून न्यायचे आणि देऊन यायचे. परत येताना पिशवीत सुके बोंबील असायचे. मी विचारलं, "तेव्हा 'कशाला?' नाही विचारलंत?" ते म्हणाले, "पाणी आत यायला लागलं की सभा भरवत नाहीत."

नव्या आवृत्तीबरोबर चार ओळींची सूचना द्यावी लागते, त्यात लोक "आकर्षक नवीन सुविधा" वगैरे लिहितात. काका लिहायचे, "या आवृत्तीत नवीन काहीही नाही. जुनं नीट चालावं म्हणून केली आहे. तरी घ्यावी." अ‍ॅप अडकलं की पडद्यावर यायचं, "काहीतरी चुकलं आहे. तुमचं नाही, आमचं." यावरून एका तांडेलाने त्यांना जेट्टीवर गाठून विचारलं होतं, "तुमचं रोज रोज काय चुकतं ओ?"

आता मुख्य गोष्टीकडे येते, जी सांगायला इतकी वर्षं माझी जीभ उचलली नाही.

सोसायटीचे अध्यक्ष काकांचे शाळेपासूनचे मित्र. दोघे भेटले की पहिली दहा मिनिटं भांडण, मग चहा. अध्यक्षांच्या स्वतःच्या दोन बोटी. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कुठल्या बंदरावर नकाशा पाहिला. बर्फासाठी कुठली बोट कुठवर आलीय ते त्यावर ठिपक्यांनी दिसतं आणि ठिपके हलतात. झालं. "मला ते हलणारं पायजेल," एवढंच ते म्हणत होते. नवी मुंबईची एक कंपनी त्यांना येऊन सगळं रंगीत दाखवून गेली होती. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपायच्या आत आम्ही ठिपके हलवले नाहीत तर काम त्या कंपनीकडे जाणार होतं. ते काम गेलं की आमच्या ऑफिसात उरणार गिरणीची थरथर. आणि हलणाऱ्या ठिपक्यांना नवं फ्रेमवर्क लागत होतं.

काका म्हणाले, "बघू." आणि भाचीच्या लग्नाला तळ्याला निघून गेले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत आकड्याला हात लावू नका." अहो-जाहो केलं होतं, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

मी थांबले नाही. मी काही हवेत काम करणारी नव्हते, मोजून काम करणारी होते. गेल्या तीस दिवसांत किती जुन्या फोनांवर आपलं अ‍ॅप उघडलं गेलं ते मी काढलं. उत्तर आलं, चार. साठ बोटींच्या सोसायटीत चार फोन. त्या चौघांना मी स्वतः फोन घेऊन देईन असंही मनात म्हटलं. दोन दिवस बसून नकाशा जोडला, नवी आवृत्ती सोडली, आणि जुन्या फोनांवर "नवीन आवृत्ती घ्या" एवढंच दिसेल अशी व्यवस्था केली. मग दारावरचा आकडा ओल्या फडक्याने पुसला आणि माझ्या अक्षरात नवा लिहिला. मला फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

काका लग्नाहून आले ते लाडवांचा पुडा घेऊन. दार लावताना त्यांना आकडा दिसला. मग पुडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. मोजलंत?"

"मोजलं ना. चारच आहेत."

"कधीचं मोजलंत?"

"गेल्या महिन्याचं."

"म्हणजे बंदीतलं?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग समुद्रात मासेही चारच निघाले असतील."

मला तरी कळलं नाही. काका मला घेऊन किनाऱ्यावर गेले. बोटी वर ओढलेल्या, कुणी तळ खरवडतंय, कुणी रंग लावतंय. काकांनी पहिल्याच बोटीवरच्या माणसाला सांगितलं, "बोटीचा फोन काढ रे." तो घरात गेला आणि तांदळाच्या डब्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोन घेऊन आला. गेल्या हंगामाचं मीठ त्याच्यावर होतं. चालू करून अ‍ॅप उघडलं. पडद्यावर आलं, नवीन आवृत्ती घ्या.

"हा तुझा फोन?" मी विचारलं.

"माजा ह्यो," त्याने खिशातून चकचकीत दाखवला. "त्यो बोटीचा. खाऱ्या पान्यात नवा फोन कोन न्हेल? घरातला जुना झाला का बोटीला देतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातला सगळ्यात जुना फोन बोटीवर जातो. बंदीत तो डब्यात झोपलेला असतो आणि लोक घरच्या नव्या फोनवरून सोसायटीच्या सूचना वाचतात. मी मोजले ते किनाऱ्यावरचे फोन. समुद्रावर जाणारे सगळे माझ्या मोजणीच्या वेळी तांदळात होते. संध्याकाळपर्यंत आम्ही बोटीमागून बोट बघितली. निम्म्याहून जास्त फोनांनी मला नवीन आवृत्ती घ्या म्हणून सांगितलं. म्हणजे बंदी उठल्यावर तेवढ्या बोटींना ना बर्फाची पाळी, ना हवेचा इशारा. काका घरी जाताना एवढंच म्हणाले, "लाडू खा. खारट हवेने मऊ पडतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत बैठक होती, नकाशा दाखवायची. पंच मंडळी जमलेली. अध्यक्षांनी आपला मोठा फोन काढला, ठिपके हलले, माणसं पुढे वाकून बघायला लागली. अध्यक्षांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात काका म्हणाले, "झकास. आता तुझ्या बोटीवरचा मागव."

"तो कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"शब्द माझा आहे, तू वापरू नको. मागव."

बोटीवरचा फोन आला. अ‍ॅप उघडलं. पडदा मधे ठेवला. अध्यक्षांनी तो दोनदा बंद करून चालू केला, मग हळू आवाजात विचारलं, "ह्या फोनला बाहेर कुनी काढलं?"

मी तोंड उघडणारच होते. उघडणार होते असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी खुर्चीचा हात धरून बसले होते.

"मी," काका म्हणाले.

"तू?" अध्यक्ष म्हणाले. "तू जुना फोन बंद केलास?" आणि सगळी बैठक हसली. कारण मुरुडात यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस नव्हता. पण काका मान खाली घालून इतके गंभीर बसले होते की हसणं हळूहळू थांबलं.

"वय झालं," काका म्हणाले. "हात चुकला."

अध्यक्षांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे. म्हणाले, "बरं. मग ह्यापुढं आमच्या कामाचा आकडा तू ठरवायचा न्हाय. पोरगी हाय, ती बघेल. बंदी उठायच्या आत समद्या बोटींचे फोन चालू झाले पायजेल."

काका "बरं" म्हणाले, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि निघून गेले. मी हाक मारली नाही. गावात बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगी मुरुडला मोठं काम बघते. ते कारण मी स्वतःला दिलं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला थोडं हायसंही वाटलं होतं.

त्याच दुपारी मी अ‍ॅपमध्ये जुना आकडा परत आणला. मग जे आधीच सुचायला हवं होतं ते केलं. ज्या फोनला झेपेल त्याला नकाशा, ज्याला झेपणार नाही त्याला साधी यादी. पाळी दोघांनाही. आठवडाभर बोटीबोटीवर चढून प्रत्येक फोनवर स्वतः बघितलं, हाताला रंग आणि डांबर लावून घेतलं. सगळे चालू झाले. अध्यक्षांनी पंचांसमोर पाठ थोपटली, "पोरीने सावरलं," म्हणाले. काम नवी मुंबईला गेलं नाही. सगळं इतकं चांगलं झालं की मला घास जाईना. काका ऑफिसला येत नव्हते. सकाळी पेन्शनरांना मीच चार्जिंगला लावायचे. वाडीवरून एकदा गडी आला आणि काकांनी पाठवलेले चार नारळ ठेवून गेला. निरोप काही नव्हता. नारळ बघून मी अर्धा तास रडले.

दारावरचा माझा आकडा पुसला, पण जुना मात्र मी लिहिला नाही. चार वेळा खडू उचलला. जागा तशीच पुसलेली राहिली.

बाराव्या दिवशी, पहिल्या बोटी पाण्यात उतरत होत्या त्या सकाळी, मी उठले आणि सरळ जेट्टीवर गेले. अध्यक्ष आपल्या बोटीवर जाळं चढवून घेत होते. मी खालूनच म्हटलं, "मामा, बोलायचं आहे." त्यांनी हातातलं काम तसंच चालू ठेवलं. मी म्हटलं, "तो फोन काकांनी बंद नव्हता केला. मी केला होता. त्यांनी नको सांगितलं होतं तरी केला. आणि बैठकीत मी गप्प बसले." पुढे आणखी दोन-तीन वाक्यं पाठ करून आणली होती, ती आठवली नाहीत.

अध्यक्षांनी जाळ्याची घडी नीट लावली. मग काठावर बसले आणि म्हणाले, "म्हाईत हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच सांजेला घरी येऊन सांगून गेला तो. म्हनाला, तिला हिकडं येऊन आपनहून सांगू दे. आली तर आकडा कायमचा तिच्या हातात. न्हाय आली तर मला परत बोलाव. आठ दिवसांची मुदत म्हनाला."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. दोनदा मोजले. "पण आज बारावा आहे," मी म्हटलं.

"व्हय तर," अध्यक्ष म्हणाले. "नवव्या दिशी सकाळीच आला होता. आनखी आठ वाढवून गेला."